चेकचे कूळ आणि मूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, असं आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवलं आहे. पूर्वजांपैकी एखादा बँकेत कारकून असता, तर त्यानं या यादीत चेकचीही भर घातली असती. कारण चेकचं मूळ शोधायला निघालेला माणूस कुठून निघतो आणि कुठं पोचतो याचा हिशेब लागत नाही. आणि हिशेब न लागणं ही गोष्ट आमच्या धंद्यात फार वाईट समजली जाते.

मी या फंदात पडलो तो विद्वत्तेपोटी नव्हे, हे आधीच सांगतो. मी साधा बी.कॉम., तोही सेकंड क्लास. चोवीस वर्षं एका बँकेत कारकुनी करतो आहे. भाषाशास्त्राशी माझा संबंध म्हणाल, तर दहावीला मराठीत पडलेले मार्क मी अजून सौ.लासुद्धा खरे सांगितलेले नाहीत. मला या फंदात पाडलं ते आमच्या नानांनी.

नाना म्हणजे माझे वडील. वय वर्षं ७८. निवृत्तीनंतर त्यांनी दोन व्रतं घेतली आहेत. रोज सकाळी घरातल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात वर्तमानपत्र वाचणं, आणि रविवारी नातवाशी बुद्धिबळ खेळणं. आमचे चिरंजीव सहावीत आहेत आणि शनिवारी बुद्धिबळाच्या क्लासला जातात. (आमच्या लहानपणी क्लासला फक्त नापास होणारी मुलं जात.) नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून तर त्या क्लासला बसायला जागा नाही.

तर त्या रविवारी चिरंजीवांनी उंट सरकवला आणि ओरडले, "चेक!"

"शह म्हण," नाना म्हणाले.

"सर चेक म्हणतात."

"सर म्हणू देत. शिवाजी महाराजांनी परके शब्द काढून टाकण्यासाठी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, आणि आपण साधा शह सोडून इंग्रजाचं चेक चेक करायचं?"

"आजोबा, खरं म्हणजे काहीच म्हणावं लागत नाही. टूर्नामेंटमध्ये कोणी बोलत नाही. नियमच नाही तसा."

हे ऐकून नानांनी चष्मा काढला. नानांनी चष्मा काढला की घरात वादळाचा बावटा लागतो. "म्हणजे न सांगता राजावर जायचं? नियम नसेल. पण रीत म्हणून काही आहे की नाही?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला, "अहो, दूध ठेवलंय, गॅस चेक करा जरा!"

नानांनी माझ्याकडं असं पाहिलं, की हे इंग्रजी राज्य मीच आणलं आहे. "तू दिवसभर बँकेत चेक चेक करतोस," ते म्हणाले, "तूच सांग, हा शब्द आला कुठून?"

आता, ज्या शब्दावर गेली चोवीस वर्षं आपल्या घराची चूल पेटते, त्याचा अर्थ आपल्याला सांगता येऊ नये याची मला लाज वाटली. त्या दिवशी मी कागद घेऊन बसलो. दिवसभरात घरात हा शब्द किती वेळा आणि किती अर्थांनी येतो ते टिपलं. गॅस चेक करणे म्हणजे पाहणे. गणितं चेक करणे म्हणजे तपासणे. मुलाच्या मोबाइलवर चेक ठेवणे म्हणजे आळा घालणे. चेक्सचा शर्ट म्हणजे चौकडीचा. नानांचं चेकअप म्हणजे त्यांचं रक्त आणि माझे पैसे काढणे. आणि सोसायटीच्या मेंटेनन्सचा चेक म्हणजे तो, जो द्यायचा राहिला आहे. एका शब्दाला एवढे अर्थ असतील तर त्याच्या पूर्वजांपैकी कोणीतरी नक्कीच बाहेरख्याली असला पाहिजे, अशी माझी खात्री झाली आणि मी नगर वाचनालयाची पायरी चढलो.

पंधरा दिवस मोठमोठे कोश चाळल्यावर जे हाती लागलं, ते ऐकून नाना काय म्हणतील या कल्पनेनंच मला घाम फुटला. मराठी कोशात 'शह'पुढं लिहिलं होतं: फारसी. आणि इंग्रजी कोशात 'चेक'च्या वंशावळीच्या अगदी टोकाला लिहिलं होतं, तेही फारसी. शब्द एकच. शाह. म्हणजे राजा.

वाचकहो, ज्या दोन शब्दांसाठी आमच्या घरात आजोबा आणि नातू भांडत होते, ते दोघे सख्खे भाऊ निघाले. हिंदी सिनेमात जत्रेत हरवतात ना, तसे.

ही हरवाहरवी कशी झाली ती थोडक्यात सांगतो. बुद्धिबळाचा उगम आपल्याकडचा. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास चतुरंग या नावानं तो इथून इराणात गेला. फिर्दौसीच्या शाहनाम्यात तर गोष्टच आहे, की हिंदुस्थानच्या राजानं नौशेरवान बादशहाकडं हा पट कोडं म्हणून पाठवला आणि त्याच्या शहाण्या वजिरानं तो सोडवला. इराण्यांनी चतुरंगचं चतरंग केलं, पुढं अरबांनी त्याचं शतरंज केलं. राजाला हे लोक शाह म्हणत. आणि समोरच्याच्या राजावर मोहरा गेला की मोठ्यानं म्हणायचं, "शाह!" म्हणजे, बाबा रे, तुझा राजा धोक्यात आहे, सांभाळ. राजाला सुटकाच उरली नाही की "शाह मात!" याचा अर्थ राजा मेला असा सांगायची पद्धत आहे, पण मूळ फारसीत तो राजा हतबल झाला असा आहे, असं पुष्कळ जाणकार म्हणतात. राजा मरत नाही, फक्त त्याला हलायला जागा उरत नाही. महिन्याच्या २५ तारखेनंतर आमचं जे होतं, ते.

(जाता जाता: राजा आणि रुख, म्हणजे आपला हत्ती, या दोघांवर एकदम हल्ला झाला की त्याला शाह-रुख म्हणत. तैमूरलंगानं पटावर हा डाव टाकला आणि त्याच वेळी मुलगा झाल्याची बातमी आली, म्हणून मुलाचं नाव शाहरुख ठेवलं अशी गोष्ट सांगतात. हा मुलगा १३७७ चा. त्याचा सिनेमाशी संबंध नाही.)

पुढं खेळाबरोबर हा शाह दोन दिशांना गेला. एक फारसी बोलणाऱ्या राजवटींबरोबर दख्खनेत उतरला आणि मराठीत शह झाला. त्याचा काटशह झाला, राजकारणात शह-काटशह झाले, मात करणं आलं, प्यादेमात आली. दुसरा अरबांबरोबर युरोपात गेला. लॅटिनमध्ये त्याचं स्कॅकस झालं, जुन्या फ्रेंचमध्ये एश्चेक झालं आणि इंग्लंडात पोचेपर्यंत बिचाऱ्याचा चेक झाला. परदेशी गेलेल्या माणसाच्या आडनावाचं जे होतं, तेच. इतकंच काय, इंग्रज ज्याला चेस म्हणतात, तो शब्दसुद्धा याच चेकचं फ्रेंच अनेकवचन. थोडक्यात, साहेब चेस खेळतो म्हणजे 'शहा-शहा' खेळतो.

आता एका खेळातल्या आरोळीला एवढे अर्थ कसे फुटले? ते तसं सरळ आहे. "शाह!" म्हटलं की राजाला थांबावं लागतं, पुढं जाता येत नाही. म्हणून चेक म्हणजे थांबवणं, अडवणं, आळा घालणं. आळा घालायचा तर नीट पाहावं लागतं, ताडून बघावं लागतं. म्हणून काही शतकांनी चेक म्हणजे तपासणं. आणि ज्या पटावर हे सगळं चालतं, त्याच्यावर काळे-पांढरे चौकोन. म्हणून तसल्या नक्षीचं कापड म्हणजे चेक्स. मी चौकडीचा शर्ट घालून बँकेत जातो तेव्हा अंगावर बुद्धिबळाचा पट घेऊन जात असतो, हे मला त्या दिवशी कळलं. प्यादं कोण, हे आधीपासूनच माहीत होतं.

पण माझं खरं कुतूहल होतं ते आमच्या कागदी चेकबद्दल. राजाचा आणि पैशाचा संबंध कुठं आला? तो आला एका टेबलावर.

बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाकडं वर्षातून दोनदा हिशेब होत. एकेका परगण्याचा शेरीफ, म्हणजे आपल्याकडचा मामलेदार समजा, वसुलीचे पैसे घेऊन यायचा. समोर राजाचा खजिनदार. मध्ये दहा फूट लांब, पाच फूट रुंद टेबल, कडेला चार बोटं उंच कठडा, आणि वर काळं कापड, त्याच्यावर रेघा आखलेल्या. रोमन आकड्यांत बेरीज करणं हा काय प्रकार आहे ते एकदा करून बघा, म्हणजे या कापडाची गरज कळेल. पेनी, शिलिंग, पौंड असे उभे घर आखायचे आणि त्यात चकत्या मांडायच्या. हे रेघारेघांचं कापड बुद्धिबळाच्या पटासारखं दिसे, म्हणून त्या कचेरीलाच लॅटिनमध्ये स्कॅकारियम, म्हणजे पट, असं नाव पडलं. तेच आजचं एक्स्चेकर. ब्रिटनचा अर्थमंत्री अजूनही चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर म्हणवतो, म्हणजे शब्दशः बुद्धिबळाच्या पटाचा प्रमुख.

आणि हे नुसतं कापडावरून नाही हं. राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानं ११७७ च्या सुमारास या कचेरीवर एक ग्रंथ लिहायला घेतला. त्यात तो म्हणतो, की बुद्धिबळात जसं दोन राजांत युद्ध असतं तसं इथं खजिनदार आणि शेरीफ यांच्यात असतं, बाकीचे बसून बघतात. आमच्या शाखेत ऑडिटर येतात तेव्हाचं दृश्य डोळ्यांपुढं आणा. मॅनेजर एका बाजूला, ऑडिटर दुसऱ्या बाजूला, मध्ये टेबल, आणि आम्ही सगळे मोहरे जागच्या जागी चिडीचूप. साडेआठशे वर्षांत फरक पडला तो एवढाच, की ऑडिटरसाहेबांना आता बिस्किटं लागतात.

पैसे भरल्याची पावती म्हणजे लाकडाची काठी. तिच्यावर खाचा पाडायच्या. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, एका पौंडाला जवाच्या दाण्याएवढी, पेनीला नुसता ओरखडा. मग काठी उभी चिरायची. एक अर्धी भरणाऱ्याकडं, तिला म्हणत स्टॉक. दुसरी सरकारकडं, तिला म्हणत फॉइल. तंटा झाला की दोन्ही अर्ध्या जुळवायच्या. खाचेला खाच मिळाली तर खरं. तुमच्या चेकबुकाच्या काउंटरफॉइलमध्ये ते फॉइल अजून शिल्लक आहे. सरकारी पद्धत असल्यामुळं ही काठी लवकर सुटली नाही. १७८२ साली ती बंद करायचा कायदा झाला आणि ती प्रत्यक्षात बंद पडली १८२६ साली. मग १८३४ च्या ऑक्टोबरात कोणाला तरी वाटलं, साठलेल्या काठ्या जाळून टाकाव्या. लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्टीत त्या घातल्या. भट्टी इतकी तापली की १६ तारखेला संध्याकाळी काठ्यांबरोबर पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांची राख झाली. चार्ल्स डिकन्सनं १८५५ च्या एका भाषणात ही हकीकत सांगून सरकारची यथेच्छ टिंगल केली. मी ती आमच्या शाखाधिकाऱ्यांना सांगितली, तेव्हापासून त्यांनी जुनं रेकॉर्ड नष्ट करण्याचं परिपत्रक ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं आहे.

आता आपल्या चेककडं येऊ. चेक या वस्तूला आधी चेक म्हणत नव्हते. इंग्लंडातल्या आज माहीत असलेल्या सगळ्यांत जुन्या चेकांपैकी एक चारशे पौंडांचा, आजच्या कालगणनेनं १६६० च्या फेब्रुवारीतला. इकडं अफझलखानाच्या वधाला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. पण तो चेक म्हणजे हातानं लिहिलेली चिठ्ठी: अमक्याला एवढे द्यावे. आपल्या हुंडीची धाकटी बहीणच म्हणा ना! अठराव्या शतकाच्या आरंभी चेक म्हणत ते मागं उरणाऱ्या अधपानाला. कारण कोणी आकडा बदलला, खोटी चिठ्ठी आणली, तर या अधपानाशी ताडून बघता येई, आळा बसे. पुढं हे नाव मागं राहिलेल्या तुकड्यावरून घसरलं आणि फाडून दिलेल्या तुकड्याला चिकटलं. राबणाऱ्या अधपानाचं नाव गेलं आणि पैसे घेऊन हिंडणाऱ्याला मिळालं. नोकरी करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

स्पेलिंगचीही गंमत आहे. मुळात सी-एच-ई-सी-के. पण एक्स्चेकरच्या वजनावर क्यू घालून लिहिण्याची चाल पडली. गिल्बार्ट नावाच्या बँकरनं १८२८ साली आपल्या बँकिंगच्या पुस्तकात मुद्दाम सांगितलं, की मी क्यूवालं रूप घेतो, कारण त्यात अर्थाचा घोटाळा होत नाही आणि ते सरकारी खजिन्याच्या नावाशी मिळतं. इंग्रजांनी ते उचललं, अमेरिकनांनी नाही. अरब व्यापाऱ्यांच्या 'सक्क' नावाच्या लेखी वचनावरून चेक आला, असंही काही लोक सांगतात. पण इंग्रजी कोशकार ठामपणे राजाच्या बाजूनं आहेत.

आणि आमच्या जातीच्या अभिमानाची एक गोष्ट राहिली. लंडनात प्रत्येक बँकेचा कारकून दुसऱ्या बँकांचे चेक घेऊन दिवसभर दारोदार हिंडत असे. १७७० च्या सुमारास हे कारकून लोंबार्ड स्ट्रीटवरच्या एका गुत्त्यात जमू लागले आणि तिथंच आपापसांत चेकांची अदलाबदल करू लागले. त्यातूनच लंडनचं क्लिअरिंग हाऊस उभं राहिलं. पाय वाचवायचे आणि घसा ओला करायचा, या दोन उदात्त हेतूंतून कारकुनांनी एक संस्था काढली. मॅनेजरांनी काढली असती तर आधी कमिटी नेमली असती.

आपल्याकडं चेकला कायदा मिळाला तो १८८१ चा, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट. त्याच्या सहाव्या कलमात चेक म्हणजे काय ते सांगितलं आहे. पण मला आवडतं ते पहिलंच कलम. त्यात देशी भाषांतल्या हुंडीबिंडीच्या बाबतीत त्या त्या ठिकाणची रूढी राखून ठेवली आहे. साहेबानं नियम केला, पण रीतीला हात लावला नाही. नानांना हे कलम मी मुद्दाम वाचून दाखवलं.

हा शब्द बाकी जगभर भटकतो आहे. अमेरिकेत हॉटेलच्या बिलाला चेक म्हणतात. माझा मेहुणा न्यू जर्सीला गेला असताना जेवण झाल्यावर वेटरनं विचारलं, चेक आणू का? मेहुणा म्हणाला, नको, कॅश देतो. बरोबर उत्तराला जी खूण करतात तिलाही तिकडं चेक म्हणतात. विमानतळावर चेक-इन म्हणजे दोन तास रांगेत उभं राहणं. चायनीज चेकर्स हा खेळ १८९२ साली जर्मनीत निघाला. त्यात चायनीज काही नाही आणि चौकडीही नाही. आपल्याकडं मुलुंडचा चेकनाका. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला, जी.एस.टी.च्या दिवशी गेली, पण नाक्याचं नाव काही गेलं नाही. रिक्षावाला अजून तिथंच सोडतो. फक्त युरोपातल्या चेक लोकांचा या खानदानाशी काही संबंध नाही, ते आपापले स्वतंत्र आहेत.

असो. एवढं सगळं जमवून मी खूश होतो. पण कोश मिटताना नानांचं ते वाक्य आठवलं, "न सांगता राजावर जायचं?" आणि बावीस वर्षांपूर्वीचा एक चेक डोळ्यांपुढं आला.

मी तेव्हा तालुक्याच्या गावी शाखेत होतो. नोकरीला दोन वर्षं झाली होती आणि आपण फार कडक काम करतो अशी माझी समजूत होती. सहीचे नमुने तेव्हा कार्डांवर, कार्डं लाकडी ट्रेमध्ये. काउंटरवर पितळी टोकनं. (ती मी एक्स्चेकरच्या चकत्यांच्या भावकीतली मानतो.) क्लिअरिंगमध्ये आलेला चेक घ्यायचा, कार्ड काढायचं, सही ताडायची. एके दिवशी एका निवृत्त मास्तरांचा चेक आला. रक्कम २,७५० रुपये. खात्यात चाळीस हजार शिल्लक. कार्डावरची सही १९७८ ची, वळणदार, मोत्यासारखी. चेकवरची सही म्हणजे भूकंपमापक यंत्राची रेघ.

मास्तर मला माहीत होते. आठवड्यातून दोनदा शाखेत यायचे, "काय रे, जेवलास का?" म्हणून विचारायचे. त्यांचा हात कापतो हे मी पाहिलेलं होतं. शाखेत फोन होता. मास्तरांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं, शिपाई पाच मिनिटांत जाऊन आला असता. पण नियम नियम असतो. मी शेरा मारला, "सही जुळत नाही." ऑफिसरनं माझा शेरा चेक न करता खाली सही ठोकली. चेक परत गेला.

तो चेक त्यांच्या नातीच्या कॉलेजच्या फीचा होता. कॉलेजनं दंड लावला, आणि ज्यांचे चेक परत आले त्यांची यादी बोर्डावर लावली. यादीत एकच नाव होतं.

मास्तर चौथ्या दिवशी आले. भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. काउंटरला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, सही माझीच आहे. हात तेवढा पूर्वीचा राहिला नाही."

एरवी "काय रे" म्हणणारे मास्तर मला साहेब म्हणाले.

मी नियम सांगू लागलो. ते म्हणाले, "तुमचं नियमात काही चुकलं नाही, साहेब. फक्त एक हाक मारायची होती. मी इथंच होतो."

मग नवीन कार्ड भरायचं ठरलं. मास्तरांनी तीन नमुना सह्या केल्या. त्याला दहा मिनिटं लागली. मागं रांग उभी होती, पण कोणी बोललं नाही. अर्धी रांग त्यांच्याच हाताखाली शिकलेली. सह्या झाल्यावर शाखाधिकाऱ्यांनी कार्ड पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाले, "अरे, या तिन्ही एकमेकींशी जुळत नाहीत." मी खाली लिहिलं, "समक्ष केल्या." पण त्या कार्डाचा उपयोग झाला नाही. त्यानंतर मास्तरांनी कोणालाच चेक दिला नाही. दर वेळी स्वतः यायचे, टोकन घेऊन बाकावर बसायचे आणि रोख घेऊन जायचे. मला "जेवलास का?" असंही पुन्हा कधी विचारलं नाही.

राजाला शाह म्हणणारे ते जुने इराणी खेळाडू हल्ला करण्याआधी नव्हे, केल्यावर ओरडत, हे मला कळतं. पण राजाला एक चाल मिळत होती. मी मास्तरांना तीसुद्धा दिली नाही. मी चेक चेक केला. पण त्या शब्दातला जो मूळ अर्थ, समोरच्याला सावध करण्याचा, तेवढाच नेमका गाळला.

तेव्हापासून सही जुळली नाही की मी आधी फोन लावतो. आता चेक स्वतः क्लिअरिंगला जातच नाही, त्याचं छायाचित्र जातं. कार्डांचे ट्रे गेले, सही पडद्यावर दिसते. पण म्हाताऱ्यांचे हात तसेच कापतात. "आजोबा, चेक दिलाय ना कोणाला? तुमची सही आज जरा रागावलीय," असं म्हटलं की पलीकडून हसू येतं. फोनवर आवाज ओळखून पैसे द्यायला नियम परवानगी देत नाही, पण माणसाला शाखेत येऊन जायला किंवा घेणाऱ्याला आधी कळवायला वेळ तरी मिळतो. नवीन ऑफिसर म्हणतात, यात तुमचा फार वेळ जातो. जातो खरा.

पुढच्या रविवारी मी नाना आणि चिरंजीव यांच्यासमोर माझं संशोधन ठेवलं. शह आणि चेक एकच, दोन्ही फारसी, दोन्ही राजाचे. नाना बराच वेळ गप्प राहिले. राज्यव्यवहारकोश आपल्याच अंगावर उलटला हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मग म्हणाले, "पण खेळ गेला कुठून? इथूनच ना? मग आपल्याच पटावरचा राजा तो. इंग्लंडहून का येईना, घरीच आला." आणि चिरंजीवांना म्हणाले, "तू चेक म्हण, मी शह म्हणीन. पण म्हणायचं. गप्प राहून खेळायचं नाही."

चिरंजीवांनी घोडा उचलला, आजोबांच्या राजावर नेला आणि मोठ्यांदा म्हणाले, "शह!"

नानांचा चेहरा फुलला. मीही भारावून दोन शब्द बोलणार, तोच स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला आणि पाठोपाठ आवाज, "अहो, गॅस चेक करायला सांगितला होता ना मघाशी!"

हाक मला वेळेवर मारली होती, हे मी नाकारत नाही. मात झाली ती माझ्या चुकीनं.